धुणार कोण?

(कंधार येथे झालेल्या महिला मेळाव्यातील भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

सकाळपासून तुम्ही इथे बसला आहात. कुणी पहिल्या एसटीनं आल्या, कुणी तांड्यावरून टमटममध्ये दाटीवाटीनं आल्या, कुणी आजचं शेतातलं काम जावेच्या गळ्यात घालून आल्या. संध्याकाळी घरी गेल्यावर भाकरी टाकायचीच आहे. म्हणून मी फार लांबण लावणार नाही. मला फक्त एका वाक्याबद्दल बोलायचं आहे. ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे आणि म्हटलेलंही आहे. ‘होईल सगळं नीट.’

हे वाक्य माझ्या डोक्यात घोळायला लागलं ते एका इंग्रजी म्हणीमुळे. मुंबईला एक प्रशिक्षण होतं. माझं इंग्रजी बेताचंच. जेवणाच्या सुट्टीत मी आमच्याकडच्या एका केसबद्दल काळजीनं बोलत होते. तिथली एक कार्यकर्ती माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, ‘इट विल ऑल कम आउट इन द वॉश.’ मला वाटलं, माझ्या साडीवर वरण सांडलंय, ते सांगतेय. (हशा) मग तिनं समजावून सांगितलं. शब्दाला शब्द लावला तर अर्थ असा की, धुण्यात सगळं निघून जाईल. म्हणजे काळजी करू नका, शेवटी सगळं ठीक होतं. बाई मनानं चांगली होती, मला धीरच देत होती. पण माझ्या तोंडून निघून गेलं, ‘ताई, धुणार कोण?’

मी मन्याडच्या काठची. आठ-नऊ वर्षांची असल्यापासून नदीवर धुणं धुतलेलं आहे. कपडा आपोआप स्वच्छ झालेला मी अजून पाहिला नाही. सकाळी कपडा दांडीवर वाळताना दिसतो तेव्हा ज्याचा सदरा असतो त्याला तसं वाटत असेल. धुणारीला तसं वाटत नाही.

आता आपलं वाक्य घ्या. ‘होईल सगळं नीट.’ शाळेत बाई विचारायच्या, या वाक्यातला कर्ता कोण? व्याकरणाच्या हिशेबानं ‘सगळं’ हाच कर्ता. म्हणजे सगळंच आपलं आपण उठणार आणि स्वतःला नीट करून घेणार. यात माणूस नाही. नवरा नाही, सासू नाही, पोलीस नाही, सरपंच नाही, मी नाही. कुणाला काही करायचंच नाही. बाईनं फक्त थांबायचं.

किती दिवस थांबायचं, तेही पाहू. मुलगी सोळाची असते. मायबाप ऊसतोडीला जाणार, तिला कुणाच्या भरवशावर ठेवायची म्हणून लग्न उरकतात. मुलगा पितो हे माहीत असतं. लग्न झालं की सुधारेल. लग्न झालं, सुधारला नाही. एक लेकरू झालं की संसारात लक्ष घालेल. लेकरू झालं, पण मुलगी झाली. मुलगा झाला की बघ कसा बदलतो. मुलगा झाला. आता मुलं मोठी झाली की त्यांच्या धाकानं तरी हात उगारायचा नाही. मुलं मोठी झाली. आता काय राहिलं बाई, घरात सून आली, आता कशाला वाच्यता करतेस? झालं. म्हणजे सगळं नीट होण्याची तारीख पुढे पुढे जाते आणि एक दिवस बाईचं आयुष्य संपून जातं. कोर्टाच्या तारखांना आपण नावं ठेवतो, पण घरातल्या या तारखा त्याहून लांबलचक असतात. आमच्या मुस्लिम मैत्रिणी सांगतात, आमच्याकडंबी हेच, ‘सब ठीक हो जाता, फिकिर नक्को कर.’ जात बदलते, धर्म बदलतो, भाषा बदलते, वाक्य तेच राहतं.

हे वाक्य म्हणणारी माणसं वाईट असतात असं मला म्हणायचं नाही. माय म्हणते तेव्हा तिच्याजवळ लेकीला द्यायला दुसरं काहीच नसतं. लग्नाचं कर्ज फिटलेलं नसतं. मागे अजून एक मुलगी उभी असते. घर भावाच्या नावावर असतं. तिला स्वतःलाच त्या घरात आवाज नसतो, मग लेकीला कोणत्या तोंडानं म्हणेल, ‘ये, राहा’? ती म्हणते, ‘जा माय, होईल सगळं नीट.’ आणि लेक वळणावर दिसेनाशी झाली की पदर डोळ्याला लावते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मायकडे खोली का नव्हती? कारण तिनंही कधीतरी हक्कसोडपत्रावर सही केलेली असते. महाराष्ट्रात १९९४ साली मुलीला वडिलोपार्जित संपत्तीत मुलासारखा हक्क देणारी दुरुस्ती झाली. २००५ साली ती सगळ्या देशासाठी झाली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा हक्क मुलीला जन्मानं मिळतो, २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते याच्याशी त्याचा संबंध नाही. पण तलाठ्याकडे जायच्या आधी भाऊ साडीचोळी घेऊन येतो. ‘ताई, सही कर. माहेर तुटायचं नाही. होईल सगळं नीट.’ आपण सही करतो. मग रात्री-बेरात्री अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर पडायची वेळ आली की कळतं, माहेरची भाऊबीज राहिली, पण हक्काची खोली गेली.

मायचं म्हणणं मी समजू शकते. पण ज्यांच्या हातात काहीतरी करणं असतं, ती माणसं हेच वाक्य म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ वेगळा होतो. बैठकीतली चार माणसं म्हणतात, ठाण्यात तक्रार लिहून घ्यायला बसलेला माणूस म्हणतो, तेव्हा तो धीर नसतो. उठा आता, आम्हाला दुसरी कामं आहेत, असा त्याचा अर्थ असतो.

आणि मैत्रिणींनो, त्या माणसांत मीही होते. आज तेच सांगायला मी उभी आहे.

वीसेक वर्षं झाली असतील. आमच्या सल्ला केंद्रात एक मुलगी आली होती. लग्नाला वर्ष झालेलं. गाव सांगत नाही. नवरा मारायचा. ती सारखं एकच म्हणत होती, ‘मला परत जायचं नाही.’ मी सासरच्यांना निरोप पाठवला. बैठक झाली. नवऱ्यानं माळेगावच्या खंडोबाची शपथ घेतली, पुन्हा हात लावणार नाही असं कागदावर लिहून दिलं. सगळ्यांनी चहा घेतला. सासूनं तिची पिशवी उचलली. ती दारात थांबून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, ‘जा बाई, होईल सगळं नीट.’

मी रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘तडजोड झाली.’ त्या वर्षीच्या अहवालात यशस्वी तडजोडी मोजल्या, त्यात ती एक होती.

साडेतीन वर्षांनी ती परत आली. कडेवर लेकरू. मी तिच्या डाव्या बाजूला बसून विचारत होते, ती उत्तरच देत नव्हती. मला वाटलं रागावली आहे. मग तिनं मान वळवली आणि म्हणाली, ‘ताई, ह्या बाजूनं बोला. त्या कानानं ऐकू येत नाही मला.’ थोबाडीत बसली होती, पडदा फाटला होता, त्यात पू झाला होता. दवाखान्यात नेलं नव्हतं. मी गप्प झाले. तीच म्हणाली, ‘तुमी म्हनल्या होत्या नं, हुईल नीट. म्हून वाट बघितली.’

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून मला ते जास्त लागलं. माझ्याकडे सबबी होत्या. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, तो लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. ती पहिल्यांदा आली तेव्हा तो नव्हता. पण ४९८ अ हे कलम तर १९८३ पासून होतं. मोफत वकिलाचा कायदा १९८७ चा होता, त्यात बाईला उत्पन्नाची अटही नाही. दवाखाना होता, पोलीस ठाणं होतं, मी होते. तेव्हा कायदाच नव्हता, असं मला म्हणता येत नाही.

त्यानंतर मी त्या धुण्याच्या म्हणीचा खूप विचार केला. धुण्यातलं आपल्याला जेवढं कळतं तेवढं पुस्तकवाल्यांना कळत नाही, म्हणून तुम्हालाच विचारते. हळदीचा डाग कशानं जातो? उन्हानं. त्याला वेळ दिला, ऊन दिलं की फिका पडतो. केळीच्या चिकाचा? तो जन्मात जात नाही. आणि रक्ताचा? लगेच, गार पाण्यानं. गरम पाण्यात घातला किंवा ‘राहू दे, उद्या बघू’ म्हणून ठेवला की तो पक्का बसतो. म्हणजे सगळे डाग सारखे नाहीत. काही वेळ दिल्यानं जातात, काही वेळ दिल्यानं बसतात. नव्या घरात करमत नाही, जावेशी खटके उडतात, स्वयंपाकाला नावं ठेवतात, हा हळदीचा डाग असू शकतो. मारहाण हा रक्ताचा डाग आहे. तिथे ‘उद्या बघू’ म्हणणं म्हणजे तो पक्का करणं. पहिल्या थोबाडीत आणि फुटलेल्या कानात जे अंतर असतं, ते अशाच थांबण्यानं भरत जातं.

आणखी एक उलटी गोष्ट आहे. अंगावरचे वळ मात्र वेळेनं जातात. काळे-निळे होतात, पिवळे होतात, आठ-दहा दिवसांत दिसेनासे होतात. त्यांच्याबरोबर पुरावाही जातो. म्हणून वळ जायच्या आधी तो कागदावर उतरवून घ्यायचा. सरकारी दवाखान्यात जायचं आणि डॉक्टरला खरं कारण सांगायचं. आपण काय सांगतो? ‘पाय घसरून पडले.’ डॉक्टर ‘पडली’ असं लिहितात आणि चार वर्षांनी कोर्टात तेच वाचलं जातं. ‘नवऱ्यानं मारलं’ असं सांगा आणि तसंच लिहून घ्या. मारहाणीची केस असली की दवाखान्यात एमएलसी म्हणून नोंद होते, तिचा नंबर विचारून घ्या. कागदाची झेरॉक्स घरात ठेवू नका, मैत्रिणीकडे ठेवा.

आणि काही गोष्टी तर धुवायच्याच नसतात. बाईवर बलात्कार झाला की घरातले सगळ्यात आधी काय म्हणतात? ‘आंघोळ कर, कपडे धुऊन टाक, कुणाला बोलू नको, होईल सगळं नीट.’ तिलाही कधी एकदा अंगावरून पाणी घेते असं होतं. ते साहजिक आहे. पण तपासणी होईपर्यंत शक्य असेल तर आंघोळ करू नये. ते कपडे न धुता कागदात गुंडाळून ठेवावेत, प्लॅस्टिकमध्ये नको, ओल धरते. आणि आंघोळ झालीच असेल, तर आता काही उपयोग नाही असं समजू नका. तरीही जायचं. कोणत्याही दवाखान्यानं, सरकारी असो की खासगी, तिच्यावर मोफत उपचार करायलाच हवेत, असा कायदा २०१३ पासून आहे. गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. ‘ही आमची हद्द नाही’ हे उत्तर चालत नाही.

अंगावर खूण नसली तर काय होतं, हे आपल्याच राज्यानं देशाला दाखवलं. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचा खटला झाला. मथुरा खटला म्हणून तो ओळखला जातो. उच्च न्यायालयानं पोलिसांना दोषी धरलं होतं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडून दिलं. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, हे त्यातलं एक मोठं कारण होतं. तेव्हाही पुष्कळांनी म्हटलं असेल, न्यायालयाचं काम आहे, होईल पुढेमागे नीट. पण उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायदा शिकवणाऱ्या चौघांनी १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला उघड पत्र लिहिलं. १९८० मध्ये गावोगावच्या बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्याच वर्षी ४९८ अ आलं. आज नव्या न्याय संहितेत त्याचं कलम ८५ आणि ८६ झालं आहे. आकडा बदलला, गुन्हा तोच. मला सांगायचं आहे ते एवढंच की, त्या वाक्यात कर्ता होता. चौघांनी लिहिलं, बायकांनी मोर्चे काढले, म्हणून कायदा बदलला.

मराठवाड्यातली एक आठवण सांगते. मंजुश्री सारडा हे नाव जुन्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. बीडची मुलगी. १९८२ च्या फेब्रुवारीत लग्न होऊन पुण्याला गेली आणि जूनमध्ये तिचा मृत्यू झाला. चार महिन्यांचा संसार. खून की आत्महत्या, यावर न्यायालयात वाद झाला. खालच्या दोन्ही न्यायालयांनी नवऱ्याला दोषी ठरवलं, १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं संशयाचा फायदा देऊन निर्दोष सोडलं. त्या खटल्यात तिनं बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं पुढे आली. तिच्या मनाचे हाल जगाला कळले ते त्या पत्रांतून, ती गेल्यानंतर. लिहिणारी जिवंत असताना अशा पत्राचं काय करायचं, हे तेव्हा आपल्या समाजालाच माहीत नव्हतं. आज पत्र येत नाही, रात्री साडेअकराला मोबाइलवर दोन ओळी येतात. आपण उत्तर पाठवतो, ‘होईल सगळं नीट’ आणि खाली एक फूल. (हशा) हसू नका, मीही पाठवलेलं आहे. तो मेसेज पुसू नका. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याकडे जाणारी गाडी पकडा.

मग आशा ठेवायचीच नाही का? असं मी म्हणत नाही. आशेशिवाय मराठवाड्यात कुणी पेरणीच केली नसती. ३० सप्टेंबर १९९३ आठवा. गणपती बुडवून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या आत किल्लारी परिसर जमीनदोस्त झाला. हजारो माणसं गेली. हादरे आपल्यालाही बसले, कितीतरी रात्री आपण घराबाहेर झोपलो. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, होईल सगळं नीट. पण पुढे काय झालं? बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. त्याशिवाय लातूर-उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, शेकडो गावांत पडझड झालेली घरं जागच्या जागी दुरुस्त करायची होती. त्या कामात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेमार्फत गावातल्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. कालपर्यंत ज्या ग्रामपंचायतीची पायरी चढल्या नव्हत्या, त्या बायका अनुदान कसं मिळतं, भिंत कशी बांधली तर टिकते, हे घरोघरी समजावून सांगू लागल्या, गवंड्याच्या कामावर लक्ष ठेवू लागल्या. घरं उभी राहिली. ती आशा खरी, कारण तिच्या हाताला सिमेंट लागलेलं होतं.

म्हणून आमच्या केंद्रात आम्ही काही गोष्टी बदलल्या. तुमच्या गटात करता येतात का बघा. पहिली, रजिस्टरमधलं ‘तडजोड झाली’ हे शेवटचं वाक्य काढून टाकलं. बाई स्वतःच्या इच्छेनं परत जात असेल तर तिला अडवायचं नाही, पण आठ दिवसांनी, महिन्यानं, तीन महिन्यांनी आमच्यातलं कोण तिच्या घरी जाणार, त्याचं नाव तिथे लिहायचं. काम नाही, नाव लिहायचं. दुसरी, ‘परत जायचं नाही’ असं ती म्हणाली तर बैठक बोलवायची नाही. आधी संरक्षण अधिकाऱ्याकडे जाऊन घरगुती घटना अहवाल भरायचा. राहत्या घरातून तिला बाहेर काढता येत नाही, घर कुणाच्याही नावावर असो, हे तिला पहिल्या दिवशी सांगायचं. १८१ आणि ११२ हे नंबर पाठ करून घ्यायचे. तिसरी, ठाण्यात, दवाखान्यात, कोर्टात तिला एकटं पाठवायचं नाही. एक बाई गेली की तिला समजावून घरी पाठवतात. तीन गेल्या की खुर्ची देतात.

त्या मुलीचं काय झालं, हे विचारायला तुम्ही थांबला असाल. तिला विचारूनच मी हे बोलते आहे. नाव घ्यायचं नाही, एवढीच तिची अट. अर्ज केला, तारखा झाल्या, पोटगी मंजूर झाली. कधी मिळते, कधी थकते. तिनं शिलाई मशीन घेतली, लेकरू शिकलं. कान मात्र गेला तो गेला. आम्ही नांदेडला दाखवलं, पण फार उशीर झाला होता. सगळं नीट झालं, असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. काही झालं, काही राहिलं. जे राहिलं त्यातलं काही माझ्या त्या एका वाक्यामुळे राहिलं, हे मला मान्य करूनच पुढचं काम करावं लागतं.

ती आता आमच्याबरोबर काम करते. नवी बाई आली की तिच्याजवळ आधी हीच जाऊन बसते, चांगला कान तिच्याकडे करून. सगळं ऐकून घेते. कागद पिशवीत भरते. मग म्हणते, ‘उद्या नऊच्या गाडीनं जाऊ. मी स्टँडवर थांबते. हुईल नीट.’

तेच वाक्य. पण ती स्टँडवर थांबलेली असते.

आता माझं बोलणं संपलं. जेवणानंतर कुणी उठून जाऊ नका. ज्यांचे कागद अर्धे आहेत, अर्ज लिहायचे आहेत, त्यांनी इथेच पुढे या. वकील ताई चार वाजेपर्यंत आहेत आणि झेरॉक्सचं दुकान समोरच आहे.